प्रिय पैलवान, दहा गाणी काही जमेनात

शिवाजी पेठ, कोल्हापूर

प्रिय पैलवान,

तुझा निरोप मिळाला. बंगळूरच्या ट्रॅफिकमध्ये सकाळ-संध्याकाळ गाडीत अडकून पडतोस, बातम्या ऐकून डोकं उठतं, तेव्हा ‘तुझ्या आवडीची दहा मराठी गाणी पाठव’. सोपं काम. म्हटलं, चहा व्हायच्या आत यादी करून टाकू. चहा झाला, जेवण झालं, तरी यादी आपली तिसऱ्या गाण्यावरच उभी. शेवटी कागद फाडला आणि हे लिहायला घेतलं. लांबलंय जरा. सिग्नलला वाचू नकोस, घरी गेल्यावर निवांत वाच.

घोळ असा झाला, की जे गाणं लिहायला घ्यावं ते माझ्या आवडीचं आहे खरं, पण ते मी निवडलंय कुठं? निवड सगळी माडीवरच्या मामींची. आठवतात न्हवं? मामांना कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांचा रेडिओ कायम मोठ्ठ्यानं. मामी काटा फिरवतील तिकडं अख्खी गल्ली. त्यांनी सांगली केंद्र लावलं की सगळ्यांना सांगली, विविधभारती लावली की सगळ्यांना विविधभारती. आमच्या घरी रेडिओ आला तो बऱ्याच उशिरा, आणि आल्यावरही बाबा म्हणायचे, “मामींचा चालू हाय की, आपले सेल कशाला संपवायचे?” त्यामुळं माझी यादी म्हणजे खरं तर मामींची यादी. तुझीही तीच असणार, तू काय वेगळ्या गल्लीत वाढलास?

पहिलं लिहिलं होतं ते ‘घनश्याम सुंदरा’. पहाटे चावीला पाणी यायचं, घागरींची रांग लागलेली, आणि वरून पंडितराव नगरकर आणि लताबाई. आईची या गाण्यावर इतकी भक्ती, की ते लागलं की रांगेतलं भांडणसुद्धा थांबवायची. थांबवायची म्हणजे काय, गाणं संपेपर्यंत पुढं ढकलायची. बाबा मुद्दाम खोडी काढायचे: “अगं, हे होनाजी बाळाचं. लावण्या लिहिणारा शाहीर तो. तमाशातला माणूस!” आई म्हणायची, “असंल. सकाळी सकाळी चांगलं सुचलं असंल त्याला.” ‘अमर भूपाळी’ १९५१ चा, शांतारामांचा, संगीत वसंत देसाईंचं, हे मला फार नंतर कळलं. तोवर मी ते देवळातलंच गाणं समजत होतो. आणि शांताराम आपल्या कोल्हापूरचे म्हटल्यावर कोपऱ्यावरच्या आजोबांनी विषय ‘प्रभात’ फिल्म कंपनीवर नेलाच म्हणून समज. कंपनी १९२९ ला इथं निघाली आणि १९३३ ला पुण्याला गेली, याचा राग त्या म्हाताऱ्याला मरेपर्यंत होता. गाण्याबद्दल काहीही बोला, शेवट पुण्यावर.

दुसरं ‘शुक्रतारा मंद वारा’. हे ऐकलं की मला शिंक येते. हसू नकोस. पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा इतक्या हळुवार आवाजात गाताहेत, आणि माझ्या नाकात मिरची. उन्हाळ्यात चटणी कांडायला डंकावर जायचो, आठवतंय? ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, वर खोबरं, तीळ, धणे, कांदा-लसूण. सगळं घरून भाजून डब्यात भरून न्यायचं आणि नंबर येईपर्यंत तिथंच बसायचं. नाहीतर आपली मिरची दुसऱ्याच्या डब्यात जायची, असं आईचं ठाम मत. डंकवाल्यानं फळीवर रेडिओ ठेवलेला, त्यावर तांबड्या पुडीचा थर. डंक थांबला की गाणं ऐकू यायचं, सुरू झाला की नाही. त्यामुळं ‘शुक्रतारा’ मला कित्येक वर्षं तुकड्यातुकड्यांतच माहीत होतं. मधल्या कडव्याला नेमका कुणाचा तरी घाणा सुरू व्हायचा. नाकाला पदर लावलेल्या बायका, डोळ्यांतून पाणी, आणि वर चांदण्याचं गाणं. परवा एका लग्नात ऑर्केस्ट्रावाल्यानं ते धरलं तर मी खिशातला रुमाल काढला. बायकोला वाटलं, नवऱ्याला गहिवरून आलं. मीही तसंच वाटू दिलं.

तिसरं ‘ऐरणीच्या देवा’. इथंच यादी अडली.

बाबा उद्यमनगरात लेथवर होते, तुला माहीतच आहे. खंडेनवमीला कारखान्यात साफसफाई, यंत्रांना हार, लेथवर हळद-कुंकू, पेढे, आणि दारात लावलेल्या कर्ण्यावर हे गाणं. एकदा नव्हे, दिवसभर. उद्यमनगरात त्या दिवशी एका गल्लीत ते संपत आलेलं असायचं तेव्हा पुढच्या गल्लीत सुरू व्हायचं. आपण चालत गेलो तर पुढं-मागं असं उलटसुलट ऐकू यायचं. बाबांचं या गाण्यावर प्रेम होतं, पण एक तक्रारही होती. “ठेका लई संथ,” म्हणायचे. “एवढ्या सावकाश घण घातला तर लोखंड गार होईल. पुन्हा भट्टीत घालावं लागेल.” ‘साधी माणसं’ हा १९६५ चा भालजी पेंढारकरांचा सिनेमा. गीत जगदीश खेबुडकरांचं, म्हणजे आपल्याच हळदी गावच्या मास्तरांचं, आणि संगीतकार ‘आनंदघन’. हा आनंदघन म्हणजे लता मंगेशकरच, हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते पेपर बाजूला ठेवून म्हणाले, “तरीच. बाईमाणसाला घणाचा वेग कसा कळणार?” आई आतून म्हणाली, “आणि चाल बांधायला तुम्हाला बोलवायचं होतं काय?” तो विषय तिथंच संपला. पण खरं सांगू? आता ऐकताना मलाही तो ठेका संथ वाटतो. आणि बाबा कामावरून आल्यावर राखाडी साबणानं हात घासायचे, तरी न जाणारा तो कूलंटचा, लेथवर ओततात त्या पाण्याचा, वास येतो. मग चौथं गाणं काय लिहिणार?

मधे एक हिशेब तुझ्याशी राहिलाय. ‘कानडा राजा पंढरीचा’. गणपतीतल्या कार्यक्रमात आपण दोघांनी म्हटलेलं. तू फडके, मी वसंतराव. हे वाटप कुणी केलं होतं देव जाणे. तालमीत चार दिवस जाऊन, गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन ‘पैलवान’ झालेल्या काटकुळ्या माणसाला सुधीर फडके करतात, तसा मी वसंतराव. मुळात ते गाणं म्हणजे सापळा आहे. फडक्यांनी चाल बांधताना स्वतःकडं सरळ, साधं ठेवलंय आणि ताना, हरकती सगळ्या वसंतराव देशपांड्यांना दिल्यात. ऐकणाऱ्याला वाटतं दोघं भजन म्हणताहेत, आपणही म्हणू. त्यात पेटीवाल्यानं कुणाला न विचारता पांढरी पाच धरली, म्हणजे आपल्या गळ्याला भलतीच उंच पट्टी. तू निदान ‘विठ्ठल’ म्हणून सुटलास, माझी तान वर गेली ती उतरलीच नाही. मंडळाच्या अध्यक्षांनी हलगीवाल्यांना खूण केली आणि हलगी-घुमक्यानं आपली अब्रू वाचवली. तरी पुढच्या रांगेतले लोक “वन्स मोअर” ओरडले. कोल्हापूरकर गाण्याला दाद देतात ती अशी. अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात, देवल क्लबपासून चालत जाण्याच्या अंतरावर हे घडलं, हे कुणाला सांगू नकोस.

‘तोच चंद्रमा नभात’ बद्दल तुला सांगायला नको. नव्वद मिनिटांची कॅसेट भरून घेतली होती आपण, अर्धे-अर्धे पैसे काढून. दुकानदाराला यादी दिली तर त्यानं चष्म्यावरून बघितलं आणि दोन गाणी “असलं मी भरत नाही” म्हणून खोडली. त्यांच्या जागी स्वतःच्या मनानं फडके घातले. त्यातलं हे बाजूच्या शेवटी आलं आणि दुसऱ्या अंतऱ्यात फीत संपली. पूर्ण गाणं आता फोनवर आहे, हवं तेव्हा ऐकता येतं. पण त्या जागी आलं की माझा हात कॅसेट उलटायला उठतोच. त्या दुकानदाराचा तेव्हा राग आला होता. आता वाटतं, माणसाला चव होती.

नाट्यगृहाबद्दल विचारलं होतंस. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा खासबागेच्या बाजूला अर्धं गाव उभं होतं. शाळेच्या गॅदरिंगला ‘जयोस्तुते’ म्हणताना दुसऱ्या ओळीत तुला हसू फुटलं होतं, ते याच रंगमंचावर. जास्त लिहवत नाही.

एक मात्र तुला माहीत नसलेलं सांगतो. २०१९ च्या महापुरात मी नागाळा पार्कात ताईकडं अडकलो होतो. खालच्या मजल्यावरची बिऱ्हाडं दुसऱ्या मजल्यावर एकत्र; लाइट नाही, फोन बंद पडलेले. एका आजोबांकडं सेलवरचा ट्रान्झिस्टर. राधानगरीचे दरवाजे किती उघडलेत, पंचगंगेची पातळी किती, एवढंच ऐकायला सगळे त्याभोवती. बातम्या संपल्या आणि गाणं लागलं: ‘जिवलगा, राहिले रे दूर घर माझे’. आशाबाई. शांताबाई शेळक्यांचे शब्द, हृदयनाथांची चाल, म्हणजे काळीज हलवायची सगळी व्यवस्था. आणि खालच्या मजल्यावरच्या काकी म्हणाल्या, “दूर कुठं बाई, जिन्याखालीच हाय, पाण्यात.” आधी कुणी हसलं नाही, मग सगळेच हसायला लागले. काकी हसता हसता रडल्या, मग ताईनं चुलीसारखा स्टोव्ह पेटवून चहा टाकला. ते गाणं माझ्या आवडीचं नव्हतं. आता आहे.

आता तू म्हणशील, म्हातारा झालास, जुनीच गाणी धरून बसलास. तसं नाही. ‘झिंगाट’ लागलं की मी वरातीत नाचतो, गुडघ्याचा विचार दुसऱ्या दिवशी करतो. डॉल्बीच्या भिंतीपुढं मात्र उभा राहत नाही, छातीत धडधडतं. काळजी वाटत होती ती वेगळीच. घरात चार माणसं, चार फोन, प्रत्येकाच्या कानात बोंडं. कुणाचं गाणं कुणाला ऐकू येत नाही. पोरीला म्हटलं, “तुझ्या गाण्याला शेजारच्यांची भांडणं, मिरचीचा वास, काही चिकटणारच नाही बघ.” तिनं एक बोंड काढून माझ्या कानात घातलं. कोरियन गाणं. चाल बरी होती. शब्द मला कळले नाहीत, तिलाही कळत नाहीत म्हणे. “बाबा,” म्हणाली, “हे लागलं की मला रंकाळा स्टँड दिसतो. केएमटीच्या बसची वाट बघत उभं राहून पाठ झालंय. आणि शेजारच्या गाड्यावरच्या भज्यांचा वास.” माझ्याकडं यावर उत्तर नव्हतं. भजी आणायला गेलो.

तर दहा गाणी नाहीत. वर आली तेवढी घे, बाकीची तूच भर. तुझ्या वहिनीनं चटणीचा डबा भरून ठेवलाय, दसऱ्याला येतोस का कुरिअर करू ते सांग. यायचं असेल तर खंडेनवमीच्या आधी ये, उद्यमनगरातून एक चक्कर मारू.

आणि एक महत्त्वाचं. आपल्या त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला तिसरं गाणं रफीचं होतं की किशोरचं? मी म्हणतो रफी. धाकटा भाऊ म्हणतो किशोर, आणि त्याची खात्री बघून मला राग येतो, कारण तेव्हा तो पाळण्यात होता. पैज मिसळीची लागलीय, कट वाढवून. नीट आठवून कळव, आणि आठवलं नाही तर रफीच म्हण.

तुझा,
वसंतराव (पांढरी पाच)