पाळी गेल्यावर डाग दिसला तर अंगावर काढू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी राजारामपुरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रिपोर्टात गर्भपिशवीचा पॉलिप वाचलं की घरचे कॅन्सरच समजतात आणि डॉक्टरांनी काही म्हणायच्या आधीच पिशवी काढून टाकायचं ठरवून मोकळे होतात, हे बघून फार वाईट वाटतं म्हणून लिहितेय.

पॉलिप म्हणजे पिशवीच्या आतल्या अस्तराचाच एक भाग जास्त वाढून कोंबासारखा आत येतो, कधी बारीक देठावर लोंबतो, कधी बसकट असतो, काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटरपर्यंत. स्लाइडवर वेड्यावाकड्या ग्रंथी, घट्ट तंतू आणि जाड भिंतीच्या रक्तवाहिन्या दिसतात, त्या वाहिन्यांवरून तो ओळखू येतो. बहुतेक साधेच निघतात. पण सगळेच नाही, पाळी गेलेल्या आणि परत अंगावरून जाणाऱ्या बाईत कॅन्सरची शक्यता जास्त, म्हणून काढलेला तुकडा लॅबला गेलाच पाहिजे, हे नातेवाइकांनी स्वतः विचारावं.

दोन पाळ्यांच्या मधेच डाग, पाळीत खूप जाणं, कधी दिवस न राहणं, ही लक्षणं. कित्येकींना काहीच त्रास नसतो, दुसऱ्याच कशाच्या सोनोग्राफीत सापडतो. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर मात्र एक थेंब दिसला तरी दाखवायचं, आपल्याकडच्या बायका उष्णता झाली म्हणत सब्जाचं पाणी पीत महिने काढतात. वजन, बीपी असेल किंवा स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेनची गोळी चालू असेल तर जास्तच लक्ष ठेवा.

अजून एक, नुसतं क्युरेटिंग, म्हणजे पिशवीचं अस्तर खरवडून काढणं, केलं की आत दिसत नाही, देठावरचा पॉलिप हाताखालून निसटू शकतो. दुर्बिणीतून बघून तो मुळासकट काढता येतो, पिशवी जागेवर राहते आणि बऱ्याचदा बाई त्याच दिवशी घरी जाते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं 2019 मध्ये केवढं गाजलं, त्याच भागातल्या टोळ्या आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांवर येतात, त्यांच्यापर्यंत तर हे पोचायलाच हवं.

तुमच्या आरोग्य पुरवणीत सीपीआर रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागातल्या डॉक्टरांकडून यावर सविस्तर लेख लिहून घ्या, आणि तो गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी छापा ही विनंती.

आपली,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर