नाचाच्या तासाला पालकांनी एकदा येऊन बसावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनमध्ये शाळा उघडल्या की आपल्या पानांवर प्रवेशोत्सवाचे फोटो येतात. हातात गुलाबाचं फूल आणि नवी पाठ्यपुस्तकं घेतलेली मुलं, मागे कौतुकाने बघणारे आईबाप. त्याच आईबापांना या पत्रातून मला आणखी एक आमंत्रण द्यायचं आहे. आपल्या मुलाच्या शाळेत नृत्याचा तास असेल, तर स्नेहसंमेलनाची वाट न बघता एखाद्या साध्या शुक्रवारी, पावसापाण्याच्या दिवसात, तो तास बघायला या.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात एका गावच्या शाळेत मानधनावर नृत्य शिकवते. माहेर मिरजेचं. कथक तिथेच शिकले आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद लग्नाआधीच पूर्ण केली. इकडे शिकवायला लागून यंदा अकरा वर्षं होतील. पाचवी ते आठवीच्या वर्गांना आठवड्यातून दोन तास, एकेक पस्तीस मिनिटांचा. जागा म्हणजे प्रार्थनेचा हॉल. खाली शहाबादी फरशी, ती पावसाळ्यात गार आणि मार्चमध्ये तापलेली. एका वर्गात चाळीसच्या आसपास मुलं, म्हणून निम्मी नाचतात आणि निम्मी भिंतीला टेकून हाताने ताल देतात. ताल देणाऱ्या या निम्म्या मुलांबद्दल पुढे सांगायचंच आहे.

दरवर्षी पालकांची पहिली सभा होते तेव्हा तीन प्रश्न ठरलेले असतात. घुंगरू कुठले आणायचे? गॅदरिंगला आमची मुलगी पुढच्या रांगेत असेल ना? आणि दहावीला याचे मार्क किती?

घुंगरांचं आधी सांगते, कारण त्यात पैसे जातात. पहिल्या वर्षी घुंगरू आणू नका. कथकमध्ये तळवा पूर्ण सपाट पडावा लागतो. तो सपाट पडला की फरशीवर एक भरीव आवाज येतो, टाचेवर पडला तर तो आवाज पोकळ येतो. पायात घुंगरू असले की दोन्ही आवाज सारखेच वाटतात, आणि चुकतंय कुठे हे मुलाला स्वतःला ऐकूच येत नाही. दोन वर्षांपूर्वी एक वडील मोलमजुरीच्या पैशातून शंभर शंभर घुंगरांचा जोड घेऊन आले होते. ते परत न्यायला सांगताना मला फार जड गेलं. म्हणून आता मी सभेतच सांगते आणि इथेही लिहिते.

दहावीच्या गुणांचं असं आहे. शास्त्रीय कला आणि लोककला यांतल्या प्रावीण्याबद्दल दहावीला वाढीव गुण मिळण्याची सोय आपल्या राज्यात आहे. शास्त्रीय कलेत त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थांच्या परीक्षा द्याव्या लागतात. गांधर्व मंडळाच्याच घेतल्या तर प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशी ती शिडी विशारद पूर्ण आणि त्याही पुढे अलंकारपर्यंत जाते. ज्यांना ती चढायची आहे त्यांनी जरूर चढावी, मी शाळा सुटल्यावर बसून तयारी करून घेते. पण वर्गातला तास त्या परीक्षांचा क्लास नाही. तिथे चाळीसच्या चाळीस मुलं असतात. त्यांतली तीन-चार परीक्षेला बसतील. उरलेल्या छत्तीस जणांचाही तो तास तितकाच हक्काचा आहे.

आता मूल्यमापनाकडे येते. प्रगतिपुस्तकात कला विषयापुढे ‘ब-१’ दिसला की आईवडील अस्वस्थ होतात आणि मला गाठतात. बाई, शेजारच्या पोरीला अ-१, आमच्या पोरीचं काय चुकलं? पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आपल्याकडे २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आली. त्यामागे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण या विषयांना त्यात सत्राच्या शेवटी लेखी पेपर नाही. सगळं आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात मूल जे करतं त्यावरून. आणि श्रेणीच्या बाजूला एक वर्णनात्मक नोंद असते. माझी कळकळीची विनंती आहे, श्रेणीच्या आधी ती नोंद वाचा. पुष्कळ घरांत ती ओळ वाचलीच जात नाही. आम्हा शिक्षकांचीही त्यात चूक आहे. ‘नृत्यात आवडीने भाग घेते’ असं एकच वाक्य चाळीस मुलांपुढे लिहिलं, तर पालकांनी ते का वाचावं?

मीही पहिली काही वर्षं तसंच लिहीत होते. ते बदललं एका मुलामुळे.

सहावीतला मुलगा होता. तीनतालात तत्कार, म्हणजे तालावरचं पायांचं काम, चालली होती. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्, आठ मात्रांचे हे बोल दोनदा म्हटले की सोळा मात्रांचं एक आवर्तन होतं. पायांचा क्रम उजवा, डावा, उजवा, डावा आणि पुढे डावा, उजवा, डावा, उजवा. म्हणजे चौथ्या मात्रेला डावा पडतो आणि पाचव्या मात्रेलाही डावाच. शरीराला हे पटत नाही. डाव्यानंतर उजवा यावा असंच त्याला वाटतं. नव्याने शिकणारी बहुतेक मुलं त्या ‘आ’वर अडखळतात, आठवड्याभरात सावरतात. हा मुलगा दिवाळीपर्यंत सावरला नाही. मी त्याला क-२ दिला, ‘तालाची समज कमी’ असं लिहिलं आणि गॅदरिंगच्या नाचातून वगळलं.

डिसेंबरात एकदा मधल्या सुट्टीत नळाच्या कट्ट्याजवळून जात होते. हा तिथे बसला होता. डबा मांडीवर, एका हातात भाकरीचा तुकडा. दुसऱ्या हाताने गुडघ्यावर टाळी देत तोंडाने पढंत करत, म्हणजे नाचाचे बोल तालात म्हणत, होता. पहिल्या मात्रेला टाळी, पाचवीला टाळी, नवव्या मात्रेला टाळीऐवजी हात उलटा, म्हणजे तालातली ‘खाली’, तेराव्याला परत टाळी. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, बरोबर पोचला. मी खांबाआड उभी राहून ऐकलं. त्याने लय दुप्पट केली, तरी ‘आ’ जिथे यायचा तिथेच आला. पुढच्या रांगेत नाचणाऱ्या माझ्या मुलींपैकी निम्म्यांना ते जमलं नसतं.

म्हणजे ताल त्याला पूर्ण कळला होता, फक्त पाय मागे राहिले होते. आणि मी लिहून ठेवलं होतं ‘समज कमी’. ती ओळ तेव्हा प्रगतिपुस्तकावर जाऊन मुख्याध्यापकांच्या सहीनिशी त्याच्या घरी पोचलीही होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले आणि त्याच्या आईसमोर सांगितलं की बाईंचं चुकलं. गॅदरिंगच्या दिवशी तो रंगमंचाच्या कडेला माइकसमोर बसला आणि सगळ्या नाचाची पढंत त्याने केली.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे चार रकाने आहेत. ऐकणं, म्हणणं, पाय, आणि सोबत्यांबरोबर नाचणं. महिन्यातून एकदा प्रत्येक रकान्यात दोन-चार शब्द लिहिते. ‘जुलै : समेच्या आधीच थांबते. ऑगस्ट : समेची वाट बघते.’ ‘खालीला हात उलटा करायला शेजाऱ्याकडे बघतो.’ ‘चुकली तरी थांबली नाही, पुढच्या आवर्तनात मिळाली.’ या शेवटच्या नोंदीला मी फार मानते, कारण चुकल्यावर नाच न थांबवता परत लय पकडणं शिकायला मोठ्या माणसांनाही वर्षं लागतात. सत्र संपताना या शब्दांवरून श्रेणी निघते. जूनमध्ये ते मूल जिथे होतं तिथून किती पुढे आलं, हे मी बघते. शेजारची पोर किती पुढे आहे, याचा त्या रकान्यांशी संबंध नाही.

भिंतीला टेकून ताल देणारी जी निम्मी मुलं आधी सांगितली, ती समोरच्या जोडीदाराबद्दल एक वाक्य बोलतात. नियम एकच, आधी काय जमलं ते सांगायचं. आणि स्वतःबद्दलही बोलायचं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना आहे, त्यात शिक्षकांच्या मताबरोबर मुलाने स्वतःचं केलेलं मूल्यमापन आणि सोबत्यांनी केलेलं मूल्यमापन धरलेलं आहे. कागदावर हे जड वाटतं. हॉलमध्ये ते असं होतं की पाचवीतली मुलगी उभी राहून म्हणते, ‘बाई, माझा उजवा पाय हुशार आहे, डावा अजून शिकतोय.’ मी ते वाक्य तसंच्या तसं तिच्या नोंदीत लिहिलं.

गॅदरिंगच्या रांगेचं राहिलं. त्यावरून माझ्याशी बोलणं सोडलेल्या दोन आया याच गावात आहेत, आणि त्यांचं दुःख मला कळतं. वर्षातून एकदा पोरगी स्टेजवर येणार, भाड्याच्या ड्रेसचे चारशे रुपये भरलेले, आणि ती मागे झाकली जाते. म्हणून आम्ही दोन गोष्टी केल्या. भाड्याचे ड्रेस बंद केले. शाळेचा गणवेश आणि कमरेला ओढणी, मुलगा असो की मुलगी. आणि दर आवर्तनाला रांगा बदलतात, मागची रांग पुढे येते. नाच बसवायला त्यामुळे दुप्पट वेळ लागतो, पण प्रत्येक आईला आपलं मूल पुढे दिसतं.

एक अडचण सभेत कुणी उघड बोलत नाही, बाहेर गेटपाशी बोलतात. मुलाचे वडील म्हणतात, पोरग्याला नाच कशाला? मुलीची आजी म्हणते, उद्या लोक नावं ठेवतील. आपल्या भागात ‘नाच’ या शब्दाला जे चिकटलेलं आहे ते मला ठाऊक आहे, सासरी मीही ते ऐकलं आहे. अशा वडिलांना मी त्यांच्याच घरातली आठवण करून देते. माणदेशात गजी आहे. धनगरांचा ढोल वाजला, हातात रुमाल आले की नाचतात ते पुरुषच, आणि तेही देवापुढे. त्याला इथे कुणी नावं ठेवत नाही. आणि कथक जगभर नेणारे पंडित बिरजू महाराज पुरुषच होते.

गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलाचे आजोबा त्याला न्यायला लवकर आले होते. खिडकीबाहेर काठीवर हनुवटी टेकून अख्खा तास उभे राहिले. तास सुटल्यावर मला म्हणाले, ‘बाई, पोरं पाय चांगला आपटत्यात, पर गुडगा मोडत न्हाईत. गुडगा मोडल्याबिगर चाल लागत न्हाई.’ मी त्यांना आत बोलावलं. त्यांनी धोतर सावरलं, काठी नातवाच्या हातात दिली आणि गजीची चाल दाखवली. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण त्या फरशीवर त्यांचं पाऊल अलगद पडत होतं. मुलांनी लगेच विचारलं, बाई, तुम्ही तर गुडघा सरळ ठेवायला सांगता, खरं कोणाचं? मी म्हटलं, कथकमध्ये माझं, गजीमध्ये आजोबांचं. त्या सत्रात ‘पाय’ या रकान्यात मी आणखी एक गोष्ट बघायला लागले. एका नाचातून दुसऱ्यात जाताना मूल गुडघा बदलतं का? आजोबा नंतर पाच शुक्रवार आले. नोंदी लिहिताना मी त्यांनाही विचारलं, आणि त्यांनी ज्याच्याबद्दल ‘ह्यो ऐकतोय’ असं सांगितलं, त्याच्याबद्दल मलाही तेच वाटत होतं.

म्हणून हे आमंत्रण. आमच्या शाळेत नृत्याचा शुक्रवारचा तास मधल्या सुट्टीनंतर लगेच असतो. चपला बाहेर काढा आणि खिडकीजवळच्या बाकावर बसा. मोबाइल पिशवीत राहू द्या, कॅमेरा दिसला की मुलं पायांऐवजी तुमच्याकडे बघतात. आपल्या मुलाला हाक मारू नका. वही मागा, त्याचं पान मी उघडून दाखवीन, दुसऱ्याचं दाखवणार नाही. घरात कुणाला झिम्मा, फुगडी, लेझीम, गजी येत असेल तर त्यांना बरोबर आणा. दुसऱ्या गावांतल्या पालकांनी आपापल्या शाळेत जाऊन बाईंना किंवा गुरुजींना विचारावं, कुणी नाही म्हणेल असं मला वाटत नाही. शेतातली कामं सोडून येणं सोपं नाही हे मी जाणते. अर्धा तास आलात तरी चालेल. पेरण्या उरकल्या की या.

आपली,
एक नृत्यशिक्षिका
ता. माण, जि. सातारा