‘होय’वर खूण करा

ती. आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार,

काल फोनवर आई हळूच म्हणाली, “लाडू साडीच्या घडीत ठेवते, कुणाला कळतंय?” ऑस्ट्रेलियाला येताना असं लपवलेलं महागात पडतं, म्हणून तेव्हापासून झोप नाही. फोनवर सांगितलं की तू “हो हो” म्हणतेस आणि करायचं तेच करतेस, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, मोठ्याने वाचून दाखवा.

आधी व्हिसा. त्याचा शिक्का किंवा कागद पासपोर्टवर नाही म्हणून बाबा धास्तावलेत. ऑस्ट्रेलिया आता पासपोर्टवर काही चिकटवत नाही, व्हिसा पासपोर्टच्या नंबराला जोडलेला असतो. तरी आलेल्या पत्राच्या दोन प्रती काढून ठेवा, सहारला विमानतळाच्या काउंटरवर विचारलं तर दाखवता येईल. त्यात 8503 अशी एक अट आहे. म्हणजे इथे आल्यावर “राहू अजून सहा महिने” म्हणून दुसऱ्या व्हिसाचा अर्ज सहसा करता येत नाही. नातवाला सोडवत नाही हे कारण त्यांच्या यादीत नाही.

आता खरी गोष्ट. विमानातच एक कार्ड भरायला देतात. त्यात हो-नाहीचे प्रश्न असतात: मांस, मासे, अंडी, दुधाचे पदार्थ, फळं आहेत का? धान्य, बिया, पारंपरिक औषधं, लाकडी वस्तू? माती लागलेलं काही? गेल्या तीस दिवसांत शेतावर, जनावरांजवळ गेला होतात का? बाबा, तुम्ही निघायच्या पंधरा दिवस आधी गावी जाणार आहात, गोठ्यात शिरल्याशिवाय राहणार नाही. तेव्हा तिथे ‘होय’. आणि त्या चपला घासून धुवा, खरं तर परळलाच ठेवून या.

तुम्हाला ‘होय’ लिहिणं म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखं वाटतं, मला माहीत आहे. पण बाबा, तुम्ही तीस वर्षं बेस्टमध्ये कंडक्टर होतात. “मास्तर, माझं तिकीट राहिलंय” असं उठून सांगणाऱ्याला तुम्ही कधी दंड केलात? तिकीट दिलंत आणि पुढे गेलात. तपासनीस चढल्यावर झोपेचं सोंग घेणाऱ्याचं काय व्हायचं, तेही तुम्हीच सांगायचात. इथेही तेच. लिहिलेलं विमानतळावरचे अधिकारी बघतात, चालत असेल तर देतात, नसेल तर काढून घेतात आणि “थँक यू” म्हणतात. दंड लपवण्याचा आहे, आणि तो हजारो डॉलरच्या घरात जातो. 2019 पासून तर पाहुण्यांचा व्हिसाच रद्द करून परत पाठवू शकतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिडनीला एका व्हिएतनामी बाईंना असंच परत जावं लागलं. सामानात डुकराचं मांस वगैरे किलोकिलोने निघालं होतं.

मोठ्या लोकांनाही सोडत नाहीत. जॉनी डेप हा हॉलिवूडचा नट 2015 मध्ये दोन छोटी कुत्री न सांगता खासगी विमानातून घेऊन आला. इथल्या कृषिमंत्र्यांनी जाहीर बजावलं, परत न्या, नाहीतर मारून टाकू! पुढच्या वर्षी त्याच्या बायकोला कोर्टात कबूल करावं लागलं, की याच कार्डावर खोटी माहिती दिली होती. दोघांनी माफीचा व्हिडिओही केला.

एवढा बाऊ कशाला, असं आई म्हणेल. अगं, 1859 मध्ये एका माणसाने शिकारीसाठी थोडे ससे सोडले, माझ्या घरापासून दोन तासांवर. त्या सशांनी अर्धा देश कुरतडला. गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग या देशात 1872 नंतर झालेला नाही, आपल्याकडे तो आहे. म्हणून पेढे, बर्फी, खवा, असलं दुधाचं काही नको. धान्याला लागणारा खपरा नावाचा एक किडा आहे, नावही आपल्याकडचंच. त्याच्या अळ्या न खाता वर्षानुवर्षं तग धरतात. त्याच्यापायी तांदूळ, डाळी, धणे, जिरं आणि सुक्या मिरच्याही सामानातून आणायला बंदी आहे. म्हणजे लालबागच्या मसाला गल्लीतून तू बेडगी निवडून आणलीस तरी ती इथल्या कचऱ्यात जाणार. कुटलेला मसाला आणलासच तर कार्डावर लिही, ठेवायचा की टाकायचा ते अधिकारी ठरवतील. मिरच्या इथल्या भारतीय दुकानात मिळतात. तुझ्या हाताची चव नाही, मान्य.

सुकं खोबरं तर मुंबईतून विमानातच चालत नाही. त्यात तेल इतकं असतं की आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून धोकादायक मालात धरतात. हे ऐकून मीही हसले होते. आणि अनारसे नकोत, कारण वरची खसखस! तुमचं विमान सिंगापूरला बदलायचं आहे आणि सिंगापूरमध्ये खसखस बंदी असलेल्या मालात मोडते. अमली पदार्थ म्हणे! दिवाळीत आपण काय खातो, ते त्यांना सांगू नका.

बाबांची बीपीची आणि साखरेची औषधं मूळ पाकिटातच असू द्या, तीन महिन्यांना पुरतील एवढीच, सोबत डॉक्टरांचं इंग्रजीत लिहिलेलं पत्र. आईची चूर्णं असतील तर तीही कार्डावर.

पैसे दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा त्याहून जास्त आणलेत तर सांगावं लागतं. तेवढे आपल्याकडे कुठे! पण आई पाटल्या आणि मोहनमाळ घालून निघणार, म्हणून सहारलाच कस्टम्सकडून नेत असलेल्या दागिन्यांचं प्रमाणपत्र करून घ्या. नाहीतर परतताना आपलंच सोनं आपलं आहे हे पटवत बसावं लागेल. त्यासाठी तासभर लवकर निघा.

उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळ एक कुत्रा येऊन बॅगा हुंगेल. घाबरू नका आणि आई, त्याला बिस्कीट देऊ नकोस.

ईशान विचारतोय, आजोबा बसची जुनी तिकिटं आणणार का? तुम्ही पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेला तो गठ्ठा नक्की आणा. कागदाला कुणाची हरकत नाही. डब्यात झुरळाची अंडी नाहीत ना, तेवढं मात्र झटकून बघा.

तुमची लाडकी,
सुमा