त्याच्या वाटणीची आशा

प्रिय वसू,

पत्रच लिहितेय, कारण फोनवर तू मध्ये मध्ये बोलतेस आणि मी मूळ मुद्दा सोडून तुझ्याशी भांडत बसते. तब्येत ठीक. बीपी गोळीवर, गुडघा त्याच्या मर्जीवर. झालं.

रविवारी एक प्रकार घडला. इथे कुणाला सांगावा तर एक तर ती बाई माझ्या गळ्यात पडेल, नाही तर तिथल्या तिथे डोळे मिटून प्रार्थना सुरू करेल. तू दोन्ही करणार नाहीस.

पाळकसाहेबांनी मला चर्चच्या उपासनेत साक्ष द्यायला सांगितली होती. साक्ष म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. कॉलेजात असताना माझ्याबरोबर येऊन, मागच्या बाकावर बसून, तूच तिचा साचा काढला होतास: आधी संकट, मग अश्रू, मग प्रार्थना, मग नोकरी, मग टाळ्या. (आमच्यात टाळ्या वाजवत नाहीत, हे तेव्हाही सांगितलं होतं.) माझी पंचाईत अशी की साच्यातला शेवटचा भागच माझ्याकडे नाही. जॉनला अजून नोकरी लागलेली नाही. अर्ज जातात, उत्तरं येत नाहीत. आलं तर त्यात त्याच्या अनुभवाचं भरभरून कौतुक असतं, आणि कौतुक आलं की समजायचं, नकार आहे.

पैशाचं विचारशील, तर माझ्या पगारात भागतंय. मला खातंय ते वेगळंच. जॉन प्रार्थना करायचा थांबलाय.

हसू नकोस. तुझ्या लेखी तो शहाणा झाला असेल. पण तू त्याला ओळखतेस. गाडी सुरू झाली नाही तरी हा माणूस तुझ्यासमोर, मोठ्याने, देवाशी बोलायचा आणि तू म्हणायचीस, आधी मेकॅनिकला बोलव. आता जेवणाआधी डोळे मिटतो आणि उघडतो. मध्ये काही नाही. विचारलं तर म्हणाला, ‘तेच तेच काय बोलू? त्यालाही कंटाळा आला असेल.’ रागाने म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. रागावलेला माणूस निदान समोर कुणी आहे असं धरून चालतो.

त्यात भेटायला येणारे. बायबलमधल्या ईयोबाचे, सगळं गमावून बसलेल्या त्या माणसाचे, मित्र आठवतात का? एकदा मी तुला ती सगळी गोष्ट ऐकवली होती आणि तू म्हणालीस, देवापेक्षा हे मित्रच जास्त छळवादी आहेत. पटलं होतं, कबूल केलं नव्हतं. ते तिघं आले, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तेवढे दिवस ते उत्तम मित्र होते. मग बोलायला लागले. आमच्याकडे येणारे सात मिनिटंही थांबत नाहीत. देव परीक्षा पाहतोय, एक दार बंद झालं की दुसरं उघडतं, कुठे काही चुकलंय का ते तपासून पाहा. शेवटच्या अध्यायात देव त्या मित्रांवरच संतापतो आणि तक्रारी करणारा ईयोब बरोबर बोलला म्हणतो, हे बहुधा कुणी तिथवर वाचतच नाही. एलीया संदेष्ट्याचंही तेच. रानात झाडाखाली बसून तो मरण मागतो. देवदूत येतो, आणि उपदेश करत नाही. उठ, खा, म्हणतो. भाकर, पाणी. एलीया पुन्हा झोपतो, तर त्याला झोपू देतो, आणि मग पुन्हा तेच: उठ, खा. मला असा देवदूत हवाय. सल्ला न देणारा.

तर रविवारी मी उभी राहिले आणि साक्ष दिलीच नाही. ८८वं स्तोत्र वाचलं. दीडशे स्तोत्रांत रडगाणी पुष्कळ आहेत, पण बहुतेक शेवटी कुठे तरी वळतात, स्तुतीवर येतात. हे वळत नाही. रात्रंदिवस हाका मारतोय, तू तोंड का लपवतोस, असं विचारत विचारत ते अंधारातच संपतं. मी वाचलं, ‘माझी साक्ष एवढीच’ म्हटलं आणि खाली बसले. पेटी वाजवणाऱ्याला कळेना पुढचं गीत धरावं की नाही. नंतर एक बाई मला हळूच म्हणाल्या, ‘८९वंही वाचायचं होतंस, त्याची सुरुवात छान आहे.’ तू असतीस तर बाकाखाली गेली असतीस हसून.

घरी जाताना जॉनने विचारलं, ‘कितवं होतं ते?’ सांगितलं. बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘हे पण आहे होय त्यात.’ बस. याची लगेच साक्ष करू नकोस, मीही करत नाहीये. रात्री जेवताना पुन्हा डोळे मिटले, उघडले, मध्ये काही नाही.

पण माझ्यात काही तरी हललंय, ते तुला सांगायचं होतं. मी इतके दिवस त्याच्यात आशा भरायच्या मागे होते, आणि स्वतः रिकामी होत चालले होते. मग मार्काच्या शुभवर्तमानातला तो पक्षाघाती आठवला. चौघं त्याला खाटेवर उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून छप्पर उसकटून खाली सोडतात. (घरमालकाचं काय झालं, हा तुझा प्रश्न. मार्क गप्प आहे.) येशू त्यांचा विश्वास पाहतो. त्या चौघांचा. खाटेवरचा माणूस सगळ्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही. त्याचा विश्वास होता की नव्हता, कुणी विचारतही नाही. मग मी ठरवलं, त्याच्या वाटणीची आशा सध्या मी धरते. त्याला प्रार्थना जमत नसेल तर नसू दे. प्रेषित पौल रोमकरांना लिहितो की काय मागावं ते आपल्याला कळत नाही तेव्हा आत्माच शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. मिटलेल्या डोळ्यांमागे तेवढं चालू असलं तरी मला पुरे. आणि पौल हे आरामात बसून सांगत नव्हता; फटके, तुरुंग सगळं भोगलेला, तंबू शिवून पोट भरणारा माणूस. त्याचं मी ऐकते.

पंडिता रमाबाईंचंही ऐकते, तू त्यांना कितीही ‘आमच्या’ म्हण. तो वाद मी सोडलेला नाही. १८८२ पर्यंत आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा सगळे गेले. १९२१ मध्ये मनोरमाही गेली, एकुलती एक लेक. तरी बाईंनी बायबलचं मराठी भाषांतर सोडलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, पुस्तक छापून आलं १९२४ साली. त्या रोज सकाळी हसतमुखाने कामाला बसत असतील असं मला वाटत नाही. बसत होत्या, एवढंच.

तुझं काय? बढतीचं झालं का? काकूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन कधी? आणि नीलू खरंच त्या मुलाशी लग्न करतेय की तुझा नुसता संशय? सगळं नीट लिही, मी नीट वाचीन.

एक काम कर. जॉनला फोन कर. धीर देऊ नकोस, नोकरीचं विचारू नकोस. देव नाही असं म्हण आणि भांड, पूर्वीसारखं, तासभर. खाटेचा चौथा कोपरा रिकामा आहे आणि नास्तिकाने धरू नये असं कुठे लिहिलेलं नाही. फक्त मुद्दाम हरू नकोस. त्याला लगेच कळतं.

तुझी,
करुणा