विषय: ४० थिन क्लायंटच्या लॅबला दिलेला सर्व्हर पुरत नाही

नमस्कार,

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबसाठी तुमच्याकडून ४० थिन क्लायंट (म्हणजे स्वतः फारसं काही न चालवता सगळं सर्व्हरवरच चालवणारी छोटी मशीन) आणि एक सर्व्हर घेतला त्याबद्दल ही लेखी तक्रार, कारण फोन करून आणि तिकीट टाकून काहीच हलत नाहीये. शेवटच्या तिकिटावर तुमच्या सपोर्टने "सीपीयूचा सरासरी लोड ३० टक्के, सर्व्हर ओके" एवढंच लिहिलं आणि ते बंद करून टाकलं. हे उत्तर आम्हाला मान्य नाही.

सरासरी घेऊन आम्ही काय करू? ऑफिसात एक जण मेल वाचत असतो, दुसरा मीटिंगला, तिसरा जेवायला गेलेला, तिथे सरासरी चालून जाते. लॅबमध्ये मॅडम म्हणाल्या "चला, लॉगिन करा" की ४० च्या ४० पोरं एकाच मिनिटात लॉगिन करतात, मग सगळी एकदम ब्राउझर उघडतात आणि प्रोग्रॅमही सगळ्यांचे एकदमच रन होतात. सर्व्हर त्या मिनिटासाठी घ्यायचा असतो, आणि कोटेशन मागताना आम्ही बॅच ४० ची आहे हे स्पष्ट लिहून दिलं होतं.

आता रॅमचं बघा. तुम्ही दिली ३२ जीबी. सिस्टिमचे २ जीबी सोडले तर पोरामागे राहिले ७५० एमबी, त्यातले बरेचसे नुसत्या डेस्कटॉपलाच जातात, मग ब्राउझरचे चार टॅब आणि जावाचा आयडीई (प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर) कुठे बसवायचा? तुमचे इंजिनियर म्हणाले की लिनक्समध्ये एकच प्रोग्रॅम सगळ्यांनी उघडला तरी तो मेमरीत एकदाच येतो. ते प्रोग्रॅमच्या कोडपुरतं खरंय, पण प्रत्येकाचे टॅब, प्रत्येकाचा डेटा, प्रत्येकाच्या जावाची मेमरी वेगळीच लागते आणि खरी जागा तेच खातं.

रॅम संपली की स्वॅप सुरू होतो, म्हणजे रॅममध्ये न मावणारं डिस्कवर ठेवलं जातं, आणि स्वॅप कशावर, तर ७२०० आरपीएमच्या साध्या हार्डडिस्कवर, जी इकडचं तिकडचं वाचायला लागली की सेकंदाला जेमतेम शंभरेक वेळा वाचते-लिहिते, आणि त्याच डिस्कवर सगळ्यांचे होम फोल्डरपण आहेत! व्हीएमस्टॅटचा (मेमरी, डिस्क आणि सीपीयूचे आकडे दाखवणारी लिनक्सची कमांड) आउटपुट मी तिकिटाला जोडला होता, कोणी उघडून तरी बघितला का? त्यात स्वॅपचे आकडे सतत पळतायत आणि सीपीयू डिस्कची वाट बघत बसलाय. तुमचे ते ३० टक्के यामुळेच दिसतात, सर्व्हर मोकळा आहे म्हणून नाही.

नेटवर्कचंही तेच, सर्व्हरला १ गिगाबिटची एकच केबल, सगळे क्लायंट एकदम बूट झाले की वाट्याला २५ मेगाबिट. सर्व्हरला चार पोर्ट आहेत, तीन रिकामे.

यात पोरांचं नुकसान होतंय हो. विरार, बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून सकाळच्या बॅचला येणारी पोरं आहेत, कितीतरी जणांकडे घरी लॅपटॉप नाही, प्रॅक्टिस करायला हीच एक जागा. इंटर्नल प्रॅक्टिकलच्या वेळी स्क्रीन गोठल्या आणि प्रोग्रॅम येत असूनही पोरांना तो रन करून दाखवता आला नाही, मला ते बघवलं नाही.

आम्हाला पाहिजे ते असं. माणशी २ जीबी धरून ८० आणि वर थोडं मोकळं, म्हणजे रॅम किमान ९६ जीबी, १२८ असेल तर उत्तम. रॅम आम्ही लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर मार्केटमधून आणूनही लावली असती पण बाहेरचा पार्ट लावला तर वॉरंटी जाते हे तुमच्याच कागदावर आहे, तेव्हा ती तुम्हीच लावायची. सिस्टिम आणि होम फोल्डरसाठी दोन एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क) मिररमध्ये, दोन्हींवर तोच डेटा, म्हणजे एक गेली तरी पोरांचं काम वाचेल. चारही पोर्ट जोडून स्विचवर बाँडिंग करून द्या, म्हणजे चारही केबल मिळून एकच मोठी लाइन होईल. आणि हे सगळं जादा बिल न लावता, कारण ४० जणांसाठी किती लागेल हे ठरवून देणं तुमच्या ऑर्डरमध्येच होतं.

इंजिनियर पाठवाल तो बॅच चालू असताना पाठवा, संध्याकाळी रिकाम्या लॅबमध्ये येऊन "चालतंय की" म्हणणारा नको. ४० पोरं एकदम लॉगिन करून, प्रोग्रॅम रन करून दाखवल्याशिवाय इन्स्टॉलेशन रिपोर्टवर सही होणार नाही आणि राहिलेलं पेमेंटही तोपर्यंत थांबवायला मी अकाउंट्सला लिहून दिलंय.

तारीख कधीची देताय ते याच मेलवर लेखी कळवा.

लॅब इन्चार्ज,
आयटी डिपार्टमेंट, मुंबई