अर्ज करच

प्रिय मित्रा,

तू लिहिलंस, ‘मला कुणी पळवून आणलं नाही. मी स्वतः व्हिसा घेऊन विमानात बसलो. मग मी कसला तस्करीचा बळी?’ हे आधी मनातून काढून टाक. अमेरिकेच्या २०००च्या मानवी तस्करीविरोधी कायद्यात फसवून, धमकावून राबवून घेणंही येतं. मालकाने तुझा पासपोर्ट कुलपात ठेवला, एजंटचं कर्ज फिटेपर्यंत हलायचं नाही म्हणाला, पोलिसांत गेलास तर तुलाच आत टाकतील अशी भीती घातली. ही वेठबिगारीच आहे रे.

कत्रिना वादळानंतर, २००६च्या सुमारास, मिसिसिपी आणि टेक्सासमध्ये कामाला आणलेले शेकडो भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर आठव. तेही रीतसर व्हिसावर आले होते, ग्रीन कार्डच्या आशेने एजंटांना हजारो डॉलर देऊन. त्यांनाही असंच फसवून राबवून घेतलं म्हणून २०१५मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्युरीने त्यांच्यातल्या पाच जणांना तब्बल १.४ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली.

तुझ्यासाठी टी व्हिसा आहे, म्हणजे तस्करीच्या बळींना अमेरिकेत राहू देणारा व्हिसा. अर्जाचा फॉर्म आय-९१४, त्याला फी नाही. कुणी ‘फॉर्म भरून देतो’ म्हणून पैसे मागितले तर सरळ उठून ये. फुकट मदत करणाऱ्या कायदेविषयक संस्था आहेत, वकील तिथलाच घे. तस्करीविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १-८८८-३७३-७८८८, रात्री-अपरात्रीही लागते.

अर्जाचा जीव तुझ्या जबानीत आहे. ती तुझ्याच शब्दांत लिही. एजंट काय बोलला, किती पैसे घेतले, पगार कोणत्या हिशेबात कापला, बाहेर जायला कोण अडवायचं, आजारी पडलास तेव्हा काय झालं. तारीख आठवत नसेल तर अंदाजाने घालू नकोस, ‘त्या हिवाळ्यात’ असं लिही. परत गेलास तर सावकाराची माणसं घरी काय करतील, हेही लाज न बाळगता लिही; परत पाठवल्यास होणारी हानी दाखवावी लागते.

पोलिसांची तुला धास्ती आहे, कळतं मला. तक्रार नोंदवावी लागते आणि तपासात वाजवी मदतही करावी लागते. मात्र पोलिसांचं प्रमाणपत्र जोडणं सक्तीचं नाही. जबर मानसिक आघातामुळे मदत करता येत नसेल, तर त्यालाही सूट आहे. आणि तू दिलेली माहिती कायद्याने गोपनीय असते.

मंजूर झाला की साधारण चार वर्षांचा मुक्काम, कामाचा परवाना, वहिनी आणि मुलीसाठीही अर्ज, आणि तीन वर्षांनी ग्रीन कार्डची वाट. वर्षाला मुख्य अर्जदारांना ५,०००च जागा असतात आणि निकालाला वेळ लागतो, हे वहिनींना आत्ताच सांगून ठेव.

आईला बघायला जायचं म्हणतोस. जाऊ नकोस रे. तस्करीमुळे तू इथं असणं हीच अर्जाची अट आहे, देश सोडलास तर सगळं अडकेल. मी त्यांना फोन करतो, औषधांचं बघतो. तू जबानीचं पहिलं पान लिहायला घे आणि शब्द न बदलता मला वाचून दाखव.

तुझाच,
मित्र