होल्यांच्या तहानेवर टपलेले फासे

महोदय,

उन्हाळा लागला की ‘पक्ष्यांसाठी पाणी ठेवा’ अशी आवाहनं आपल्या अंकात येतात. तेच वाचून आम्ही काही शेतकऱ्यांनी माळाच्या कडेला एक सिमेंटचं टाकं बांधलं. गेल्या एप्रिलमध्ये त्याच्या काठावर मला तंगुसाचे, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोऱ्याचे, फासे सापडले. बोटभर लांबीच्या खुंट्या मातीत दाबलेल्या, प्रत्येकीला सरकगाठ, वर मूठभर ज्वारी पसरलेली. एका फाशात होला, म्हणजे कबुतराच्या कुळातला पक्षी, जिवंत होता. तंगूस पायात इतका रुतला होता की ब्लेडनेच कापावा लागला.

फासे लावणाऱ्याला हवामान आमच्यापेक्षा जास्त कळतं, हे तेव्हा ध्यानात आलं. होला कोरड्या दाण्यावर जगतो, त्यामुळे त्याला पाण्यावाचून भागत नाही. त्याला घाम येत नाही, पण कातडीतून पाण्याची वाफ होऊन अंग थंड राहतं. म्हणजे ऊन जितकं कडक, तितकी तहान मोठी. पारा चाळिशीपलीकडे गेला की होले दुपारभर बाभळीत गुमान बसून राहतात आणि दिवस कलला की पाण्यावर उतरतात. चोच बुडवून, मान वर न करता, एका दमात पितात. ओढे आटलेले, पाणी काय ते आमच्या टाक्यात. शिकाऱ्याला माग काढायची गरजच उरत नाही. (आपला राज्यपक्षी हरियाल याच कुळातला, पण तो वड-उंबराच्या फळांवर जगतो, जमिनीवर क्वचित उतरतो, म्हणून या फाशांतून बहुधा वाचतो.)

वळवाची एक सर पडली, खड्ड्या-खड्ड्यांत पाणी साचलं, की होले पांगतात. मग फासेही दिसत नाहीत. नुसतं आभाळ आलं तरी टाक्यावरची गर्दी कमी होते.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने होल्याची शिकार गुन्हा आहे, आणि फासे लावणं ही शिकारच. ‘होलाच तर आहे’ म्हणून तिकडे काणाडोळा होतो. वनरक्षकांना सगळीकडे पोचता येत नाही, मान्य. पण मग निदान फेरीची वेळ बदला. भर दुपारी पाणवठ्यावर काही सापडत नाही. कडक उन्हाच्या दिवसांत पाचनंतर या. वळीव पडून गेल्यावर चार दिवस आला नाहीत तरी चालेल.

आम्ही आता ते टाकं भरत नाही. त्याऐवजी वस्तीजवळ, येता-जाता नजर पडेल अशा सहा ठिकाणी पसरट परळ ठेवले आहेत. पाणी घालणाऱ्याने आधी काठच्या मातीवरून हात फिरवायचा, एवढा एक नियम केला आहे. खुंटी डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागते. लागली तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवायचं आणि कुणी येईपर्यंत तिथून हलायचं नाही.

– एक शेतकरी वाचक, मोहोळ (जि. सोलापूर)